बावीस घरांची कलाकृती : ह्यूस्टनच्या थर्ड वॉर्डातील ‘प्रोजेक्ट रो हाउसेस’

ह्यूस्टन शहराच्या मध्यवर्ती भागाला लागून, आग्नेय दिशेला, थर्ड वॉर्ड नावाची जुनी कृष्णवर्णीय वस्ती आहे. तिथे होलमन स्ट्रीटच्या कडेने लाकडी फळ्यांची, पांढऱ्या रंगाची, एकाच बांध्याची छोटी घरे ओळीने उभी आहेत. प्रत्येकाच्या पुढे पडवी, वर त्रिकोणी छप्पर आणि दोन घरांच्या मध्ये जेमतेम माणूस जाईल एवढी गवताची पट्टी. मोटारीतून जाणाऱ्याच्या लक्षात ती येतीलच असे नाही, कारण कलासंग्रहालय म्हटल्यावर ज्या खुणा आपल्या डोळ्यांसमोर येतात, त्यांपैकी भव्य प्रवेशद्वार, तिकीटखिडकी किंवा संगमरवरी जिना यांतले काहीही इथे नाही. १९९३ पासून ‘प्रोजेक्ट रो हाउसेस’ या नावाने चालत आलेला हा उपक्रम अमेरिकेतील लोकसहभागी कलेच्या चर्चेत आज मानाने घेतला जातो. प्रवेशाला पैसे पडत नाहीत, आणि अर्ध्या दिवसात जेवढे इथे समजते तेवढे समजावे म्हणून शुल्क आकारणाऱ्या संस्थांमध्ये कधी कधी दोन-दोन दिवस घालवावे लागतात.

आधीच स्पष्ट केलेले बरे, की केवळ घरांच्या आत मांडलेल्या कलाकृती पाहून या जागेला गुण द्यायचे ठरवले, तर निकाल संमिश्र लागेल. काही मांडणशिल्पे, म्हणजे खोलीभर वस्तू मांडून केलेल्या कलाकृती, मनात घर करून राहतात, तर काहींमध्ये भिंतीवरचा मजकूर जास्त आणि दृश्य अनुभव कमी असतो. परंतु ही मोजपट्टी मुळातच अपुरी आहे. इथली मुख्य कलाकृती घरांच्या आत टांगलेली नसून घरे, जमीन, त्यांची मालकी आणि त्यांत राहणारी माणसे मिळून ती झालेली आहे. म्हणून परीक्षणही त्या सगळ्याचे करावे लागते.

ह्यूस्टनला मुलाकडे किंवा मुलीकडे आलेले मराठी आईवडील केटी किंवा शुगरलँड या उपनगरांतल्या घरातून निघतात ते बहुधा नासाचे अवकाश केंद्र पाहायला, देवळांत जायला आणि गॅल्व्हेस्टनच्या समुद्रावर. त्याच गॅल्व्हेस्टन बेटावर १९ जून १८६५ रोजी जनरल गॉर्डन ग्रेंजर याने टेक्ससमधील गुलाम मुक्त झाल्याचा हुकूम जाहीर केला होता. अध्यक्ष लिंकन यांची मुक्तीची घोषणा १ जानेवारी १८६३ ची. म्हणजे टेक्ससमधल्या माणसांना आपण स्वतंत्र आहोत हे अधिकृतपणे कळायला जवळजवळ अडीच वर्षे लागली. त्या दिवसाचा उत्सव ‘जूनटीन्थ’ म्हणून आफ्रिकी-अमेरिकी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या साजरा करत आली आणि २०२१ मध्ये तो राष्ट्रीय सुटीचा दिवस झाला. समुद्रावरून परतताना थर्ड वॉर्डात थांबले, तर त्या हुकुमानंतर काय घडले, याचा पुढचा भाग वाचल्यासारखे होते.

हा पुढचा भाग घरांपासून जवळच असलेल्या इमॅन्सिपेशन पार्कपासून वाचायला सुरुवात करावी, असे मी सुचवेन. १८७२ मध्ये, स्वतः गुलामगिरीत वाढलेले धर्मोपदेशक जॅक येट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुक्त झालेल्या लोकांकडून वर्गणी जमवून सुमारे ८०० डॉलरांना ही १० एकर जमीन विकत घेतली. हेतू इतकाच की मुक्तीचा दिवस साजरा करण्यासाठी आपली, आपल्या मालकीची जागा असावी. सात वर्षांपूर्वीपर्यंत जे लोक स्वतःच कुणाची तरी मालमत्ता होते, त्यांनी एकत्र येऊन केलेली ही जमीनखरेदी आहे, हे लक्षात घेतले की बागेतल्या हिरवळीकडे पाहण्याची दृष्टी बदलते. पुढे ही बाग शहराच्या ताब्यात गेली आणि वर्णभेदाच्या काळात बराच काळ कृष्णवर्णीयांना खुली असलेली ह्यूस्टनमधली ती एकमेव सार्वजनिक बाग होती. २०१७ मध्ये तिचे मोठे नूतनीकरण झाले. त्याचे वास्तुरचनाकार फिल फ्रीलॉन हे वॉशिंग्टनमधील आफ्रिकी-अमेरिकी इतिहासाच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या रचनेतही सहभागी होते. त्याच वर्षी शेजारच्या डाउलिंग स्ट्रीटचे नावही बदलले. गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या दक्षिणी सैन्यातील एका अधिकाऱ्याचे ते नाव होते. आता त्या रस्त्याला इमॅन्सिपेशन ॲव्हेन्यू म्हणतात.

बागेच्या खरेदीनंतर एका वर्षाने, १८७३ मध्ये, पुण्यात जोतीराव फुले यांचे ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झाले. निग्रो गुलामांना दास्यातून मुक्त करण्याच्या कामी औदार्य आणि स्वार्थत्याग दाखवल्याबद्दल ते पुस्तक अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केलेले आहे, आणि आपल्या देशबांधवांनी शूद्रांच्या मुक्तीसाठी त्यांचा कित्ता गिरवावा अशी आशा तिथे व्यक्त झाली आहे. मराठी वाचकाला ही अर्पणपत्रिका परिचित असते. त्या अर्पणपत्रिकेचा रोख मुक्ती देणाऱ्यांच्या गौरवाकडे आहे. इमॅन्सिपेशन पार्क मात्र मुक्त झालेल्यांनी स्वतः पुढे काय केले ते दाखवते. ‘गुलामगिरी’ वाचलेल्या माणसाला या बागेत उभे राहिल्यावर त्या पुस्तकाच्या पहिल्याच पानाला जोडून आणखी एक पान सापडल्यासारखे वाटेल.

आता घरांकडे वळू. अमेरिकेत ज्याला ‘शॉटगन’ घर म्हणतात, तो बांधणीचा प्रकार अरुंद आणि खोल असतो. खोल्या एकापाठोपाठ एक, मध्ये बोळ नाही, आणि पुढच्या दारातून सरळ मागच्या दारापर्यंत नजर जाते. कोकणातल्या बाजारपेठेत रस्त्याला तोंड करून असलेली आणि ओटी, माजघर, स्वयंपाकघर अशी परसापर्यंत आत-आत जाणारी घरे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना या रचनेत परके काही वाटणार नाही. या बांधणीचा माग अभ्यासकांनी न्यू ऑर्लीन्समार्गे हैतीपर्यंत आणि तिथून पश्चिम आफ्रिकेपर्यंत काढला आहे. अमेरिकेच्या दक्षिण भागात मात्र ‘शॉटगन’ घर म्हणजे गरिबाचे घर, असे समीकरण झाले होते, आणि १९९० च्या सुमारास थर्ड वॉर्डातली ही ओळ ओसाड पडलेली, खिडक्यांना फळ्या ठोकलेली, गैरधंद्यांसाठी बदनाम झालेली अशी होती. ती पाडून टाकावी, असे बहुतेकांचे मत होते.

या घरांकडे वेगळ्या नजरेने पाहायला शिकवले ते चित्रकार जॉन बिगर्स यांनी. १९४९ पासून त्यांनी याच वस्तीतल्या, आज टेक्सस सदर्न युनिव्हर्सिटी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठात कला विभाग उभा केला आणि अनेक पिढ्या घडवल्या. १९६६ च्या त्यांच्या एका प्रसिद्ध चित्रात थर्ड वॉर्डचा रस्ता आहे. जळालेल्या चर्चपुढे माणसे उभी आहेत आणि मागे हीच घरे आहेत. नंतरच्या चित्रांत तर घरांची त्रिकोणी छपरे गोधडीवरच्या ठिगळांसारखी रांगेने येतात आणि पडव्यांमध्ये स्त्रिया देवळातल्या मूर्तींच्या गांभीर्याने उभ्या असतात. जे घर लाजेचे मानले जात होते, ते बिगर्स यांनी वारशाचे ठरवले. होलमन स्ट्रीटवर उभे राहून ओळीकडे तिरके पाहिले की त्यांची चित्रे कुठून आली हे कळते. मला स्वतःला या भेटीतला सर्वांत समृद्ध दृश्य अनुभव घरांच्या आत मिळाला नाही, तो असा रस्त्याच्या या कडेला मिळाला.

उपक्रमाची सुरुवात सात कृष्णवर्णीय कलावंतांनी केली : जेम्स बेटिसन, बर्ट लाँग, जेसी लॉट, रिक लोव, फ्लॉइड न्यूसम, बर्ट सॅम्पल्स आणि जॉर्ज स्मिथ. त्यांपैकी रिक लोव यांचे नाव पुढे सर्वाधिक गाजले, आणि २०१४ मध्ये त्यांना अमेरिकेतली मानाची मॅकार्थर पाठ्यवृत्ती मिळाली. अलाबामाच्या खेड्यातून आलेले लोव त्या काळात पोलिसी अत्याचार आणि दारिद्र्य यांवर मोठमोठी निषेधचित्रे रंगवत असत. त्यांच्या स्टुडिओत आलेल्या एका शाळकरी मुलाने त्यांना सांगितले की तुमच्या चित्रांत आहे ते खरे आहे, पण आमच्या वस्तीत काय चालले आहे ते आम्हाला ठाऊक आहेच. तुम्ही कल्पक माणूस आहात, तर एखादा उपाय का निर्माण करत नाही? हा प्रसंग लोव यांनी अनेकदा सांगितला आहे. जगभरातल्या सामाजिक आशयाच्या कलेला विचारावा असाच हा प्रश्न आहे, आणि आपल्याकडच्या प्रायोजित भित्तिचित्रांच्या महोत्सवांनाही तो विचारायला हरकत नाही, जिथे वस्तीच्या भिंती रंगतात पण वस्तीतल्या नळाला पाणी येत नाही.

लोव यांनी उत्तर शोधताना दोन विचारांचा आधार घेतला. एक बिगर्स यांचा, की या घरांतली सामुदायिक राहणी हीच मूल्यवान आहे. आणि दुसरा जर्मन कलावंत योझेफ बॉइस यांचा, की समाजाला आकार देणे हेही शिल्पकामच आहे. बॉइस यांनी १९८२ मध्ये कासेल शहरात ७००० ओक वृक्ष लावण्याचे काम शिल्प म्हणूनच हाती घेतले होते. लोव आणि त्यांच्या मित्रांनी झाडांऐवजी घरे घेतली. दीड ब्लॉकवर (ब्लॉक म्हणजे चार रस्त्यांमधला चौकोन) पसरलेली २२ घरे संस्थेच्या ताब्यात आली, आणि डागडुजीसाठी चर्चमधली मंडळी, संग्रहालयांचे कर्मचारी, कंपन्यांचे स्वयंसेवक आणि शेजारी असे सगळे आले. दुरुस्ती पुरी होण्याआधीच कलावंतांनी फळ्या ठोकलेल्या दर्शनी बाजूंवर काम करून पहिले प्रदर्शन भरवले, जे रस्त्यावरून जाता जाता गाडीतूनही पाहता येत असे. १९९४ च्या अखेरीस घरे लोकांसाठी रीतसर खुली झाली.

घरांच्या आत काय असते? वर्षातून साधारण दोनदा कलावंतांची नवी तुकडी बोलावली जाते. प्रत्येकाला एक घर मिळते आणि ते घर त्याने हवे तसे वापरायचे असते. या प्रदर्शनसत्रांना इथे ‘राउंड’ म्हणतात, आणि आजवर अशी पन्नासहून अधिक सत्रे झाली आहेत. चौकोनी पांढऱ्या दालनात काम मांडण्याची सवय असलेल्या कलावंताची इथे परीक्षा होते, कारण घर काही केल्या घरपण सोडत नाही. खिडकीतून शेजाऱ्याची पडवी दिसते, पायाखालच्या फळ्या आवाज करतात, आणि आत येणाऱ्या माणसाला आपण कुणाच्या तरी खोलीत शिरलो आहोत असे वाटत राहते. ज्यांना हे उमगले, त्यांची कामे लक्षात राहिली. सुरुवातीच्या वर्षांत व्हिटफील्ड लोवेल यांनी घराच्या लाकडी भिंतींवरच कोळशाने जुन्या काळातल्या अनाम कृष्णवर्णीय माणसांची, जुन्या छायाचित्रांवरून, जवळजवळ पूर्णाकृती चित्रे काढली, आणि ज्या घरातली माणसे इतिहासाने नोंदवलीच नव्हती ती भिंतीतून बाहेर आल्यासारखी दिसू लागली. ट्रेसी हिक्स यांनी वस्तीतल्या रहिवाशांच्या हाती कॅमेरे दिले आणि त्यांनी टिपलेल्या छायाचित्रांचा संग्रह एका घरात मांडला. थर्ड वॉर्डची ओळख बाहेरच्या वार्ताहराच्या नजरेतून न होता आतल्या माणसांच्या नजरेतून झाली. या दोन्ही उदाहरणांत इतिहास आणि अस्मिता हे विषय घोषणेच्या रूपात येत नाहीत, हे नोंदवण्याजोगे आहे.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. सत्राचा विषय जेव्हा फार व्यापक ठरवलेला असतो, तेव्हा एखाद्या घरात शिरल्यावर भिंतभर छापील उतारे, पडद्यावर चालू असलेली मुलाखत आणि कोपऱ्यात मांडलेल्या काही वस्तू एवढेच हाती लागते. हा मजकूर महत्त्वाचा असतो, पण तो घरी बसूनही वाचता आला असता. शिवाय सलग पाच-सहा घरे पाहिली की प्रत्येक कलावंताने त्याच तीन-चार विषयांना हात घातला आहे, असे वाटू लागते. म्हणून सगळी घरे एका दमात पाहण्यापेक्षा दोन-तीन निवडून त्यांत निवांत बसावे.

ओळीमागच्या सात घरांपाशी पाहुण्यांनी मात्र थांबायचे असते. तिथे माणसे राहतात. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून इथे एकट्या राहणाऱ्या तरुण मातांसाठी निवासाची योजना चालते : शिक्षण पुरे करू पाहणाऱ्या आईला मुलांसह एक-दोन वर्षे परवडणारे घर, आणि त्याबरोबर मार्गदर्शन व आधार. सुरुवातीच्या तुकडीतली एक आई पुढे समाजशास्त्रात पीएच. डी. करून याच वस्तीत संशोधनाचे काम करू लागली. कलासंस्थेने हे काम अंगावर का घ्यावे, असे विचारणाऱ्यांना माझे उत्तर असे, की घर या विषयावर मांडणशिल्प करणे आणि ज्याला घर नाही त्याला ते देणे, यांत इथल्या लोकांनी भिंत घातलेली नाही, आणि त्यामुळेच त्यांच्या कलेतला ‘घर’ हा शब्द पोकळ वाटत नाही. या योजनेतले काहीही प्रदर्शनासाठी नाही. मुले अंगणात खेळत असतात, वाळत घातलेले कपडे असतात. तिकडे कॅमेरा रोखू नये, एवढे साधे भान आपल्या पर्यटकांनी बाळगावे.

घरांचा हा विस्तार पुढे राइस विद्यापीठाच्या वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांच्या मदतीने झाला. जुन्या घरांची पडवी आणि प्रमाण सांभाळून कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी नवी जोडघरे बांधण्यात आली, आणि २००३ मध्ये भाड्याच्या घरांची जबाबदारी सांभाळणारी वेगळी भगिनी संस्था स्थापन झाली. २००९ च्या अमेरिकी सौरगृह स्पर्धेसाठी राइसच्या विद्यार्थ्यांनी बांधलेले, सौरऊर्जेवर चालणारे छोटे घरही स्पर्धेनंतर वॉशिंग्टनहून इथे आणून ठेवण्यात आले. आज संस्थेचा पसारा पाच ब्लॉकवरच्या ३९ वास्तूंपर्यंत पोहोचला आहे, आणि काही वास्तूंमध्ये वस्तीतल्या नव्या लहान व्यवसायांना जागा मिळते. नव्या जोडघरांचे वास्तुकलेच्या नियतकालिकांतून झालेले कौतुक योग्यच आहे, पण मला त्यांतले मोल दुसरीकडे दिसते : कोणते घर १९३० च्या दशकातले आणि कोणते अलीकडचे, हे ओळखायला थोडे थांबावे लागते.

बागेसमोरचे एल्डोराडो बॉलरूम या भेटीतून वगळू नये. मोलकरीण म्हणून आयुष्य सुरू करून पुढे सौंदर्यप्रसाधनाच्या व्यवसायात यशस्वी झालेल्या ॲना ड्युप्री आणि त्यांचे पती क्लॅरेन्स यांनी १९३९ मध्ये ते बांधले. गोऱ्यांच्या क्लबांची दारे बंद असलेल्या काळात आपल्या लोकांनाही नीटनेटके कपडे घालून नृत्यसंगीताचा आनंद घेता यावा, हा त्यांचा उद्देश होता. रे चार्ल्स आणि बी. बी. किंग यांच्यासारखे गायक-वादक इथल्या मंचावर आले. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथले संगीत थांबले, १९९९ मध्ये मालकाने इमारत प्रोजेक्ट रो हाउसेसला दान केली, आणि जवळजवळ एक कोटी डॉलर खर्चून झालेल्या जीर्णोद्धारानंतर २०२३ मध्ये ती पुन्हा खुली झाली. वळणदार कोपरे आणि आडव्या रेषांची ती इमारत त्या काळाच्या फॅशनची साक्ष देते. जीर्णोद्धार कौशल्याने केलेला आहे, पण माझ्या डोळ्यांना तो किंचित जास्तच चकचकीत वाटला. नाचून झिजलेल्या लाकडाची जी आठवण अशा जागेत शोधावीशी वाटते, ती फारशी उरलेली नाही.

या परिसराचा आणखी एक इतिहास आहे, आणि तो मराठी वाचकाच्या अगदी जवळचा आहे. २६ जुलै १९७० च्या रात्री, तेव्हाच्या डाउलिंग स्ट्रीटवर, ब्लॅक पँथर चळवळीपासून प्रेरणा घेतलेल्या एका संघटनेचा २१ वर्षांचा नेता कार्ल हॅम्पटन चर्चच्या छपरावर दबा धरून बसलेल्या पोलिसांच्या गोळीबारात मारला गेला. त्यानंतर दोन वर्षांनी, १९७२ मध्ये, मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले आणि त्यांच्या साथीदारांनी दलित पँथर उभी केली, तिचे नाव त्याच अमेरिकी चळवळीवरून घेतलेले. त्याआधी १९४६ मध्ये डॉ. आंबेडकरांनी विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून, अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे सादर केलेल्या निवेदनाविषयी विचारणा केली होती. म्हणजे या रस्त्यांशी आपले नाते पर्यटकाचे असले, तरी विचाराच्या पातळीवर ते बरेच जुने आहे.

आणि एक नाव, जे सगळ्या जगाला ठाऊक झाले. २५ मे २०२० रोजी मिनियापोलिसमध्ये पोलिसाच्या गुडघ्याखाली प्राण गमावलेले जॉर्ज फ्लॉइड याच थर्ड वॉर्डात, क्यूनी होम्स या सरकारी घरकुलांत वाढले होते, आणि जॅक येट्स यांच्याच नावाच्या शाळेतून १९९३ मध्ये, म्हणजे हा उपक्रम सुरू झाला त्याच वर्षी, ते उत्तीर्ण झाले होते. त्यांचे पंख लावलेले भित्तिचित्र स्कॉट स्ट्रीटवरच्या एका दुकानाच्या भिंतीवर आहे. त्या चित्राची धाटणी आणि होलमन स्ट्रीटवरच्या कामाची धाटणी यांत मोठा फरक आहे. भित्तिचित्र शोकाच्या तातडीतून आठवडाभरात उभे राहते, आणि त्याची गरज असते. घरांची ओळ तीस वर्षे रोजच्या कामावर उभी आहे. दोन्ही एकाच फेरीत पाहिली, तर सार्वजनिक कला म्हणून आपण जे एका पेटीत टाकतो, त्यात किती वेगवेगळे व्यवहार सामावले आहेत, ते कळते.

राहता राहिला तो सर्वांत अवघड प्रश्न. होलमन स्ट्रीटच्या आजूबाजूला आता तीनमजली, गॅरेज खाली आणि गच्ची वर असलेली नवी घरे उभी राहिली आहेत, आणि त्यांच्या किमती जुन्या रहिवाशांच्या आवाक्याबाहेर आहेत. भूवापराची क्षेत्ररचना, म्हणजे कुठे काय बांधावे हे ठरवणारे झोनिंग, नसलेले ह्यूस्टन हे अमेरिकेतील सर्वांत मोठे शहर, त्यामुळे बांधकाम व्यावसायिकाला अडवण्याचे कायदेशीर मार्ग कमी. शहराच्या मध्याजवळची जमीन महागणारच होती, हे खरे. पण कलावंतांनी एखादी वस्ती राहण्याजोगी आणि नावाजलेली केली की तीच प्रतिष्ठा जमिनीच्या जाहिरातीत वापरली जाते, हेही खरे. जागतिक कलाविश्वाने या उपक्रमाची स्तुती करताना हा पेच बऱ्याचदा तळटीपेत टाकला आहे. संस्थेच्या बाजूने सांगण्याजोगे इतके, की तिने घरे नुसती भाड्याने न ठेवता विकत घेतली. भिंतीवरचे चित्र मालक बदलला की पुसले जाते. खरेदीखत ज्याच्या नावावर त्याला हुसकावणे कठीण असते. १८७२ मध्ये येट्स यांना जे उमगले होते, तेच १९९३ मध्ये या सात जणांना उमगले, आणि माझ्या मते या कलाकृतीतला सर्वांत प्रतिभावान निर्णय तोच होता. तो पाच ब्लॉक वाचवू शकला. सगळा थर्ड वॉर्ड वाचवणे त्याच्या आवाक्यात नव्हते.

हा नमुना दुसरीकडे उचलता येतो का? लोव यांनी लॉस एंजेलिसच्या वॉट्समध्ये, २०१७ मध्ये अथेन्सच्या व्हिक्टोरिया चौकात आणि १९२१ च्या कृष्णवर्णीयांच्या हत्याकांडाच्या शताब्दीनिमित्त टल्सामध्ये वेगवेगळ्या रूपांत प्रयत्न केले. ह्यूस्टनइतके खोल मूळ कुठेच धरले गेले नाही, असे मला वाटते. कारण इथे त्यांनी सुमारे पंचवीस वर्षे शेजाऱ्यांबरोबर डॉमिनो खेळत काढली होती. गंमत म्हणजे डॉमिनोच्या त्याच डावांच्या आकृत्यांवरून त्यांनी अलीकडे मोठी अमूर्त चित्रे केली, आणि ती आता नामांकित दालनांतून विकली जातात.

प्रत्यक्ष जाणाऱ्यांसाठी थोडे. प्रदर्शन दुपारच्या वेळात आणि आठवड्यातले ठरावीक दिवसच खुले असते, आणि दोन सत्रांच्या मधल्या आठवड्यांत घरे नव्या मांडणीसाठी बंद असतात. निघण्यापूर्वी संस्थेच्या संकेतस्थळावर तारखा पाहणे आवश्यक आहे. जून ते सप्टेंबर ह्यूस्टनचे ऊन आणि दमटपणा मुंबईच्या मे महिन्याची आठवण करून देतो, म्हणून वयस्क मंडळींना न्यायचे असेल तर ऑक्टोबरनंतरचे सत्र निवडावे. शहरातल्या रेल्वेने स्कॉट स्ट्रीटच्या स्थानकापर्यंत येता येते, परंतु बाग, घरे आणि बॉलरूम एका दुपारी पाहायचे तर मोटार सोयीची. लहान मुलांना घरांच्या आत फारसे रमवता येत नाही; त्यांच्यासाठी इमॅन्सिपेशन पार्कमधली खेळायची जागा उत्तम आहे, आणि मोठ्यांनी पाळीपाळीने घरे पाहून यावीत.